‘नेट गेलंय’ म्हणजे नेमके काय गेले?

‘नेट गेलंय’ हे वाक्य हल्ली प्रत्येक घरात महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकू येते. व्याकरणाच्या दृष्टीने ते पूर्ण आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यातून काहीच कळत नाही. कुठून गेले? कुठपर्यंत येत होते? सगळ्यांचे गेले की एकट्याचे? मी पस्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे असे मोघम वाक्य ऐकले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

लाईट गेली की आपण काय करतो पाहा. आधी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघतो. तिथेही अंधार असेल तर स्वस्थ बसतो. तिथे उजेड असेल तर मीटरपाशी जाऊन फ्यूज तपासतो. एकाच खोलीतला दिवा बंद असेल तर तेवढा बल्ब बदलतो. लाईट गेली म्हणून घरातला पंखा भंगारात देणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. पण नेट गेले आणि संगणक दहा-बारा वर्षांचा असला की नेमके हेच होते. दुकानदार म्हणतो, “काका, जुना झाला, नवीन घ्या.” मुलगा म्हणतो, “बाबा, मी नवा पाठवतो.” आणि ज्याचा तो संगणक असतो तो म्हणतो, “आम्हाला काय कळतंय त्यातलं!”

माझ्या मते या तिघांचेही चुकते. यंत्राच्या वयापेक्षा बिघाडाची जागा आधी शोधायला हवी, आणि ती शोधायला अभियंता असावे लागत नाही. वाक्यपृथक्करण येणाऱ्या कोणालाही हे जमावे. एक एक पद वेगळे करायचे आणि विचारायचे, तुझे काम ठीक चालले आहे ना? मी नुसता मराठीचा बी.ए. आहे, पण संगणकाच्या बाबतीत मला आजवर याहून वेगळे काही करावे लागलेले नाही.

आता ही पदे कोणती ते सांगतो. वाचणाऱ्यांतल्या तरुण मंडळींना हे बाळबोध वाटेल, त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावे.

पहिले पद म्हणजे बाहेरून घरात येणारी तार. हल्ली बहुतेक शहरांत ती फायबरची असते. तिच्या डबीवर ‘लॉस’ नावाचा एक दिवा असतो. तो लाल झाला असेल तर प्रकाशाचा संदेश घरापर्यंत पोचतच नाही, आणि तिथे आपण काही करू शकत नाही, कंपनीलाच बोलवावे लागते. दुसरे पद म्हणजे घरातला राउटर. त्याच राउटरवर घरातला मोबाईल चालत असेल (मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून बघायचे, हे महत्त्वाचे), तर ही दोन्ही पदे निर्दोष आहेत. तिसरे पद राउटर आणि संगणक यांच्यामधले, म्हणजे केबल किंवा वाय-फाय. इथे जुन्या संगणकांची एक खास अडचण असते. आजचे बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. जुन्या यंत्रातल्या वाय-फाय कार्डाला अनेकदा फक्त पहिली पट्टी ऐकू येते. राउटरवर ती बंद केली असेल तर त्या बिचाऱ्या संगणकाच्या दृष्टीने घरात वाय-फायच नाही. कार्ड बदलायचीही गरज नसते, ती पट्टी सुरू केली किंवा सरळ केबल जोडली की झाले.

चौथे पद पत्ता. राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि घरगुती राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावे की राउटरने काही दिलेले नाही, संगणकाने स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतला आहे. पाचवे पद नाव. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, पण यंत्रांना आकडे लागतात, म्हणून मध्ये एक निर्देशिका असते. पिंग करून ८.८.८.८ कडून उत्तर येते पण नावाने काहीच उघडत नाही, असे झाले तर दोष त्या निर्देशिकेचा. आणि सहावे, शेवटचे पद म्हणजे ओळख. समोरचे संकेतस्थळ खरेच तेच आहे का, याची खात्री आपला संगणक करून घेतो. ही खात्री पटली नाही तर तार ठीक, पत्ता ठीक, नाव ठीक, तरीही पान उघडत नाही. जुन्या संगणकांचे नेट माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा इथेच अडते, आणि याच पदाबद्दल कोणी काही विचारत नाही.

आमच्या शाळेच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. आम्ही सगळे त्यांना अजून नुसते ‘बाई’ म्हणतो. वय एकोणऐंशी, एकट्याच राहतात. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे मोबाईलवरचे अक्षर त्यांना दिसत नाही. पण त्यांच्याकडे २०११ साली जुळवून घेतलेला एक संगणक आणि चांगला मोठा मॉनिटर आहे. कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबून अक्षर दुप्पट मोठे करायचे आणि सकाळी दोन तास तीन वर्तमानपत्रे वाचायची, हा त्यांचा नेम. रविवारी त्याच पडद्यावर परदेशातल्या मुलाचा आणि नातीचा चेहरा दिसतो. चेहरा ‘दिसतो’ हा शब्द त्यांच्या बाबतीत अक्षरशः घ्यायचा.

मागच्या वर्षी मुलीकडे तीन महिने राहून त्या परतल्या आणि नेट गेलेले. कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलाने राउटर बंद करून सुरू करायला सांगितले, मग म्हणाला, “मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे.” तो खोटे बोलत नव्हता, त्याच्या बाजूचे सगळे ठीकच होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने संगणक न बघता फक्त साल विचारले आणि ‘मदरबोर्ड गेला असणार’ असा निकाल दिला. मुलाने तिकडून तातडीने नवा लॅपटॉप पाठवायची तयारी दाखवली. लॅपटॉपचा पडदा चौदा इंचांचा. या सगळ्यात तीन आठवडे गेले. तीन आठवडे बाई वर्तमानपत्रावाचून होत्या. मी सहज भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, “सर, मला नवा नकोय हो. मला चालणारा हवाय.”

मग आम्ही दोघे पृथक्करणाला बसलो. माझा मोबाईल त्यांच्या वाय-फायवर चालला, म्हणजे तार आणि राउटर सुटले. संगणकाला केबल होती, तिच्या खोबणीतला हिरवा दिवा लुकलुकत होता. पत्ता पाहिला, तो १९२.१६८ चा. राउटरचे स्वतःचे पान ब्राउझरमध्ये उघडून पाहिले, ते उघडले. ८.८.८.८ ला पिंग केले, चारही उत्तरे आली. एका वर्तमानपत्राच्या नावाला पिंग केले, नावाचा आकडाही मिळाला. पाच पदे निर्दोष! पण पान उघडायला गेले की लाल त्रिकोण आणि इंग्रजीत बारीक अक्षरांत काही मजकूर. बाईंना तो वाचता येत नव्हता आणि तीन आठवड्यांत दुसऱ्या कोणी तो वाचला नव्हता. त्यात सरळ लिहिले होते की तुमचे घड्याळ मागे आहे.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१०.

घड्याळाचा आणि नेटचा काय संबंध, असे बाईंनी विचारले आणि तो प्रश्न अगदी योग्य होता. एसटीचा किंवा लोकलचा पास आठवा. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. आता समजा तपासनिसाच्या खिशातल्या दिनदर्शिकेत २०१० साल आहे. तुम्ही चालू महिन्याचा अगदी खरा पास दाखवला तरी तो म्हणणार, हा पास अजून सुरूच व्हायचा आहे, उतरा खाली. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे असाच मुदतीचा दाखला असतो आणि संगणक तो स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. पूर्वी बरीच संकेतस्थळे अशा दाखल्याशिवाय चालत, तेव्हा घड्याळ चुकले तरी फारसे बिघडत नसे. आता जवळजवळ सगळीकडे दाखला लागतो, आणि दाखल्यांच्या मुदतीही आखूड होत चालल्या आहेत. सप्टेंबर २०२० पासून नव्या दाखल्यांना ३९८ दिवसांची कमाल मर्यादा आली आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचे ठरलेले आहे. म्हणजे यापुढे घड्याळ दोन महिने चुकले तरी नेट ‘जाणार’.

आणि घड्याळ का चुकले? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. संगणकाला वीज नसेल तेव्हा घड्याळ त्याच्यावर चालते. सेल म्हातारा झालेला होताच. बाई मुलीकडे जाताना सगळे प्लग काढून गेल्या, तीन महिने घड्याळाचा भार एकट्या सेलवर पडला आणि त्याने मान टाकली. त्या दिवशी आम्ही तारीख हाताने नीट केली आणि वर्तमानपत्र उघडले. फरक इतका मोठा असला की विंडोज इंटरनेटवरून आपली वेळ स्वतःहून जुळवून घ्यायला नकार देते, म्हणून आधी हातानेच तारीख बदलावी लागते. बाई रात्री संगणकाचा मुख्य बटणापासूनचा पुरवठा बंद करतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मूळपदावर. मग घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ हा सेल आणला. या आकड्यातही गंमत आहे. २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी तीन पूर्णांक दोन मिलिमीटर. दोघांच्या वडापावाच्या पैशांत तो मिळाला. प्लग काढला, डब्याची बाजू उघडली, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, जुना सेल खिळपट्टी दाबून उचलला, नवा अधिकची खूण वर ठेवून बसवला आणि तारीख एकदाची लावून दिली. मदरबोर्ड ठणठणीत होता.

आता दुसरी बाजू. माझा पुतण्या याच क्षेत्रात आहे आणि हे वाचून तो म्हणणार, “काका, सेल बदललात ते ठीक, पण विंडोज ७ अजून वापरायचं म्हणजे दाराला कडी नसल्यासारखं आहे.” त्याचे म्हणणे खरे आहे आणि ते मी टाळणार नाही. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नव्या आवृत्त्या तिथे बसत नाहीत. दाखले देणाऱ्या मूळ संस्थांचीही यादी संगणकात असते आणि तीही शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असाच एक जुना मूळ दाखला संपला तेव्हा यादी ताजी नसलेल्या कितीतरी जुन्या यंत्रांवर अनेक पाने उघडेनाशी झाली. तेव्हा जुन्या यंत्राचा हट्ट धरून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन. बाईंनाही सांगितले. बँकेला त्या तशाही पासबुक घेऊन जातात.

पण ‘बँकेसाठी धोक्याचा’ आणि ‘भंगारात टाकण्याजोगा’ या दोन गोष्टी एक नाहीत. धोका विंडोज ७ चा होता, यंत्राचा नव्हता. पंधरा दिवसांनी बाईंच्या भाच्याने आधी फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मग त्याच डब्यात लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती बसवली. ती फुकट मिळते आणि चार जीबी मेमरीवर व्यवस्थित चालते. देवनागरी अक्षर नीट, ब्राउझर ताजा, मॉनिटर तोच. बाईंना बदललेली चित्रे ओळखीची व्हायला चार दिवस लागले. नव्या लॅपटॉपला याहून कमी लागले असते असे वाटत नाही.

हा प्रश्न एकट्या बाईंचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची फुकट सुरक्षा-दुरुस्तीही थांबली. विंडोज ११ ला न चालणारे, पण बाकी धडधाकट असे किती संगणक आपल्या घरांत, शाळांत, वाचनालयांत आहेत ते तुम्हीच आठवून पाहा. ते सगळे ‘जुने झाले’ या एका शिक्क्याखाली जाणार. आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यापुढे बसणारी माणसेही.

मला टोचते ते हे दुसरे. यंत्र जुने म्हणून ऐकून घेतले जात नाही आणि हळूहळू माणूस जुना म्हणूनही ऐकून घेतले जात नाही. बाईंनी फोनवर ‘लाल त्रिकोण येतो’ असे तीनदा सांगितले होते. पलीकडच्या मुलाच्या कागदावर त्रिकोणासाठी रकाना नव्हता. ‘घरातला मोबाईल चालतो का, पडद्यावर काय लिहिलं आहे, तारीख काय दिसते’ एवढे तीन प्रश्न त्या कागदावर असते तर तीन आठवड्यांचे काम तीन मिनिटांत झाले असते. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ई-केवायसीत अडकलेल्या अ‍ॅसिड हल्लापीडित आणि दृष्टिबाधित व्यक्तींचे होते. हक्क मोठाच आहे. पण तो घरापर्यंत पोचतो तो असल्या तीन प्रश्नांच्या वाटेने.

शाळांबद्दलही बोलतो, कारण तो माझा प्रांत. महाराष्ट्रात गावोगाव संगणकाचे वर्ग निघून आता वीस वर्षे होऊन गेली. मुलांना तक्ते करता येतात, सरकत्या चित्रांचे सादरीकरण करता येते. पण बंद पडलेल्या गोष्टीपुढे शांतपणे बसून ‘इथपर्यंत ठीक, इथून पुढे नाही’ असे म्हणणे कोणी शिकवत नाही. आमच्या पिढीला सायकलने ते शिकवले. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठे येतो ते बघायचो. टायर जुना आहे म्हणून सायकल कोणी टाकली नाही.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. लांब राहणाऱ्या मुलांनो, ‘नवा पाठवतो’ या वाक्यात प्रेम असते हे आम्हाला कळते. पण नव्या यंत्राबरोबर नवी चित्रे, नवे परवलीचे शब्द आणि नवी भीती येते. त्यापेक्षा फोनवर एक तास द्या, पडद्यावर काय दिसते ते आम्हाला वाचायला सांगा आणि आम्ही वाचेपर्यंत थांबा. थांबणे हाच त्यातला अवघड भाग आहे.

आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, ‘आम्हाला काय कळतंय’ हे वाक्य आता पुरे. आपण रेशनकार्डापासून पेन्शनच्या फरकापर्यंत सगळी प्रकरणे तड लावलेली माणसे आहोत. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून संगणकाजवळ चिकटवा: लाल दिवा आहे का? मोबाईल चालतो का? केबल घट्ट आहे का? पत्ता कितीने सुरू होतो? राउटरचे पान उघडते का? तारीख बरोबर आहे का? आणि पडद्यावर जे लिहिले आहे ते शब्दशः काय आहे?

मग फोन उचलून ‘नेट गेलंय’ म्हणू नका. ‘राउटरचं पान उघडतं, बाहेरचं उघडत नाही, आणि तारीख २०१० दाखवतोय’ असे सांगा. इतके नेमके वाक्य ऐकल्यावर ‘जुना झाला, नवीन घ्या’ म्हणायला पलीकडच्याला जरा विचार करावा लागतो.